रेघ माझी, सुई तुझी

माझं टॅटूचं दुकान सुरू झालं त्या पहिल्या वर्षी आलेल्या गिऱ्हाइकांपैकी बरीचशी माझ्या गाळामालकांनी एका प्रश्नात परत पाठवली. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून मला एखादं चित्र दाखवत असायचं. पंख, मुकुट, नाहीतर डरकाळी फोडणारा सिंह. तेवढ्यात दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून आवाज यायचा, "हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? नेटवरून काढलंय, अंकल."

"नेटवर कुणी टाकलं?"

"काय माहीत!"

"मग ज्याचं आहे त्याच्याच हातावर राहू दे की."

कुणी हसायचं, कुणी चिडायचं. एक व्यायामशाळेतला दणकट तरुण तर सिंह करून घ्यायला शर्ट काढून बसला होता, तो तसाच शर्ट घालून निघून गेला. मी वैतागले. म्हटलं, "काका, गाळा तुमचा आहे, पण धंदा माझा आहे. मी खाऊ काय?"

"मी कुठे काय म्हटलं? मी फक्त विचारलं."

तीन आठवड्यांनी तो तरुण परत आला. वहीच्या पानावर त्याने स्वतः पेनाने एक कुत्रा काढून आणला होता. त्याचा कुत्रा नुकताच गेला होता. चित्र वाईट होतं. एक कान मोठा, एक बारीक. मी म्हटलं, कान सारखे करून देते. तो म्हणाला, "नको दीदी. त्याचा एक कान बारीकच होता." खुर्चीतले काका माझ्याकडे न बघता बाहेरच्या रस्त्याकडे बघत बसले. त्या वर्षी मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

आता माझं दुकान विरारला आहे, बरं चालतं. पण मी धंदा शिकले तो गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात, आणि बराचसा त्या खुर्चीकडून.

काका मूळचे गिरीजचे. तिथे त्यांची केळीची लहानशी वाडी होती आणि घरही तिथेच. रोज सकाळी बसने वसईच्या पूर्वेला, गोखिवऱ्याला यायचे आणि गाळ्याचं शटर मी उघडायच्या आधी उघडायचे. पुढचा भाग मला दिलेला, मागचा त्यांचा. मागे कानशी, छिन्न्या, पंच, सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात रचलेलं होतं. वापर काही नव्हता, पण महिन्यातून एकदा सगळं सोडून, पुसून, पुन्हा गुंडाळायचे. त्या दिवशी त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम मी आपोआप शिकले.

ते साचे कोरायचे. साबणाच्या वडीवर नाव उठतं, डब्याच्या झाकणावर कमळ उठतं, स्टीलच्या वाटीच्या बुडाला कंपनीची खूण असते, ते ज्या लोखंडी ठशाने उठतं तो ठसा. अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे वस्तूवर सुलटी येतात. तीस वर्षं त्यांनी उलटं लिहिलं. कुठल्याही लग्नात जेवायला बसले की आधी वाटी उपडी करून बुड बघायचे. कधीकधी खूश होऊन शेजारच्याला दाखवायचे, "हा मी." शेजारचा वाचायचा, तर नाव भलत्याच कुणाचं तरी.

आणि मग एकदा दुसऱ्याच्या कारखान्यात, स्वतःच कोरलेला साचा बसवून पहिला ठोका मारून बघत असताना ठसा उठवणारा जड प्रेस दोनदा पडला. एकदाच पडायला हवा होता. उजव्या हाताचा अंगठा राहिला, चारही बोटं गेली. हे ते मला पहिल्याच आठवड्यात, चहा पिता पिता, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगून मोकळे झाले. "पहिला ठोका मी मागितला होता. दुसरा कुणी मागितला नव्हता. साचा मात्र शाबूत राहिला बरं का." एवढं बोलून त्यांनी कप ठेवला. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.

डाव्या हाताने लिहायला शिकताना त्यांची गंमत झाली. डावा हात आपसूकच अक्षरं उलटी काढायचा, आणि काकांना उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय की त्यांच्या ते लक्षातच यायचं नाही. पानंच्या पानं उलटी लिहून झाल्यावर एकदा त्यांनी काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वही दाखवली. काकी म्हणाल्या, "हे आरशात धरून वाचू का?" गाळ्याच्या मागच्या नळावर त्यांनी लावलेला ‘नळ नीट बंद करावा’ हा कागद मी पाहिला तेव्हाही उलटाच होता. शेजारच्या गाळ्यातले कामगार त्याला मंत्र समजायचे. काकांनी तो काढला नाही. त्यांच्या मते नळ तेव्हापासून नीट बंद व्हायला लागला होता.

त्यांचा आवडता शब्द ‘परत’. ग्राफच्या वहीत डाव्या हाताने वर्तुळ काढायचं, बघायचं आणि स्वतःलाच सांगायचं, "परत." शर्टाचं बटण तीनदा निसटलं तरी "परत." मी एकदा मदतीला पुढे झाले तर म्हणाले, "तू केलंस तर बटण लागेल. मला बटण लावायचं नाहीये, लावता यायला पाहिजे."

आमची ओळख वर्षाची झाली असेल, तेव्हा एका दुपारी ते खुर्ची ओढून थेट माझ्या टेबलापुढे बसले. उजव्या हाताची बाही त्यांनी वर सारली.

"मनगटापासून इथपर्यंत जागा आहे. मला एक खूण पाहिजे."

मला आनंद झाला. "काय काढू सांगा. संध्याकाळपर्यंत डिझाइन देते."

"तू काढलंस तर ते तुझं होईल. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खुणा कोरल्या. एक माझी पाहिजे. रेघ माझी, सुई तुझी. जमत असेल तर सांग, नाहीतर दुसरं दुकान बघतो."

स्वतःच्या गाळ्यात बसून ते मला दुसऱ्या दुकानाची धमकी देत होते. मी म्हटलं, जमेल. त्याला दीड वर्ष लागेल हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांची पद्धत अशी होती. चित्र काढायचं, तारीख घालायची आणि कपाटाच्या खालच्या खणात चाळीस दिवस ठेवून द्यायचं. मध्ये उघडून बघायचं नाही. चाळीस दिवसांनी काढल्यावर त्यात काही बदलावंसं वाटलं, हात जरा जरी शिवशिवला, तर फाडायचं. पहिल्यांदा त्यांनी कानस काढली. चाळीस दिवसांनी म्हणाले, "ही कुणाही फिटरच्या हातावर चालेल," आणि फाडली. मग नावाची आद्याक्षरं, मग पाचूबंदरला बघितलेली होडी. सगळ्यांना चाळीस दिवस मिळाले आणि सगळी फाटली.

खणातून वाचलेल्या चित्राची पुढची परीक्षा म्हणजे डाव्या हाताने ते बॉलपेनने उजव्या हातावर काढायचं आणि आठ दिवस वागवायचं. एक खेकडा असा वाचला होता. एक नांगी मोठी, दुसरी नाहीच. मला तो आवडला होता. तो हातावर घेऊन ते भुईगावला नात्यातल्या साखरपुड्याला गेले. काकींनी बाही खाली ओढली की हे वर सारायचे. तिथे एका चिमुरडीने निरखून बघून विचारलं, "आजोबा, कोळी चावत नाही का तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते साबण लावून हात घासत होते. म्हणाले, "खेकडा जर कोळी दिसतो, तर मला तो अजून येत नाही."

चित्रापेक्षा मोठी अडचण साखरेची होती. त्यांना मधुमेह होता, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं की साखर इतकी असेपर्यंत टॅटूचं नाव काढायचं नाही, जखम चिघळेल. माझंही तेच म्हणणं होतं. मला वाटलं, संपलं प्रकरण. काकांनी त्या दिवसापासून सुकेळी सोडली. ज्यांनी काकींच्या हातची सुकेळी खाल्ली आहे त्यांनाच हे काय आहे ते कळेल. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून त्यांची मधासारखी वळकटी होते, आणि ती वाळत घातलेली असताना घरभर जो वास सुटतो त्यात हा माणूस राहत होता. दुपारच्या चहाबरोबर एक सुकेळं खायची त्यांची सवय चाळीस वर्षांची. ते सोडलं, भात अर्ध्यावर आणला, गाळ्यापर्यंतच्या रस्त्यात एक थांबा आधी उतरून चालायला लागले. दर तीन महिन्यांनी तपासणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवायचे, मी काही बोलायच्या आत उचलायचे आणि म्हणायचे, "परत."

याच काळात एक दिवस काकी दुकानात आल्या. काका त्या दिवशी दवाखान्यात गेले होते, तो दिवस बघूनच त्या आल्या होत्या. एरवी नवराबायको आपसात वाडीच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. पण माझ्याशी काकी अगदी स्वच्छ, शब्दाशब्दाने बोलल्या.

"त्या हाताच्या पट्ट्या मी बदलल्यात. तीन महिने. पहिल्या दिवशी नर्सने केल्या, मग मी कुणाला हात लावू दिला नाही. नवी कातडी आली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती. ती मी कशी जपली ते मलाच माहीत. आणि तू तिथे सुया टोचणार?"

"काकी, मी त्याच्या वरच्या भागावर..."

"वर काय आणि खाली काय. हात तोच ना?"

मी खरं ते सांगितलं, की डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी सुई लावणार नाही.

"मग तू नाही म्हणून टाक."

"त्यांना?"

काकींनी सुस्कारा सोडला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना स्वतःला जे जमलं नव्हतं ते त्या माझ्याकडून मागत होत्या, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्या उठल्या, आणि उठताना टेबलावरचा ग्राफचा कागद त्यांना दिसला. काकांनी कालच चाळीस दिवसांनंतर बाहेर काढलेला.

"हे काय आहे?"

"केळफूल असावं."

"असावं!" काकींनी कागद खिडकीशी नेला. "केळफुलाची पाकळी अशी उघडते होय? छत्रीसारखी? ही पाठीमागे वळते, अशी, गुंडाळी होते टोकाशी. जन्म वाडीत गेला माणसाचा." कागद ठेवून त्या पिशवी घेऊन निघाल्या. निरोप घ्यायलाही विसरल्या.

दुसऱ्या दिवशी काका आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताजं केळफूल घेऊन. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, मोठ्या गंभीरपणे. "तिने पाठवलंय. बघून काढा म्हणाली." मग जरा वेळाने, "म्हणजे अर्धी हो झाली."

ते केळफूल सुकून काळं पडेपर्यंत ते काढत राहिले. शेवटी जे चित्र चाळीस दिवसांच्या खणातून आणि आठ दिवसांच्या बॉलपेनातून पार पडलं ते असं होतं: खाली देठ, वर मिटलेलं केळफूल, त्याची एकच पाकळी मागे वळलेली आणि तिच्याखाली ओळीने इवली केळी. तोवर साखरही ताब्यात आली. डॉक्टरांनी नाइलाजाने का होईना, लिहून दिलं.

आणि तिथे मी चूक केली.

काकांचं चित्र मी टॅबलेटवर घेतलं. डाव्या हाताची रेघ, ती कापरी होती. देठाची बाजू तीन ठिकाणी थरथरलेली, पाकळीची कड एका जागी अडखळून पुढे गेलेली. मी त्या रेघा गुळगुळीत केल्या. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, पण गिऱ्हाइकांची चित्रं मी नेहमीच नीट करत होते आणि ती खूश होत होती. कातडीवर तात्पुरत्या रेघा उमटवणारं स्टेन्सिल छापून काकांच्या हातावर बसवलं, कागद काढला, आरसा समोर धरला. सुंदर दिसत होतं.

काकांनी बराच वेळ बघितलं.

"हे कुणाचं?"

मी आरसा खाली ठेवला.

ते उठले, मागच्या नळावर गेले, हात धुतला, नळ नीट बंद केला आणि बाहेर पडले. आठ दिवस आले नाहीत. शटर मी उघडत होते.

पहिले दोन दिवस मला राग होता. इतकं केलं, वर हे. तिसऱ्या दिवशी मी त्यांनी सरावाला काढलेल्या, न फाडलेल्या केळफुलांचे कागद काढून जमिनीवर ओळीने मांडले. खणाला कुलूप नव्हतंच. साठेक कागद असतील. बघता बघता मला दिसलं की सुरुवातीच्या कागदांवर रेघ कुठेही हलत होती, पण पुढेपुढे ती त्याच तीन जागी हलत होती, सारखीच, तेवढीच. पाकळीची कड त्याच जागी अडखळत होती. हात जिथे वळायला कचरतो ती जागा त्यांनी ओळखली होती आणि तिथली रेघ पक्की केली होती. मी पुसून टाकलं होतं ते नेमकं हेच.

मग मी केळी आणली. आम्ही हात बसवायला केळ्याच्या सालीवर सराव करतो, साल कातडीसारखी दबते. सरळ रेघ मला झोपेतही येते, पण ती वाकडी रेघ जशीच्या तशी येईना. मी ती खोटी थरथरवत होते आणि ते लगेच दिसत होतं. दोन डझन केळी मी वाया घालवली, शिकरण खाऊन कंटाळले. शेवटी एक साल बरी उतरली ती ओल्या फडक्यात गुंडाळून मी गिरीजला गेले.

काका ओट्यावर बसले होते. त्यांनी साल घेतली, भिंग लावलं.

"देठ जमलाय. पाकळीच्या वळणावर घाई केलीस. परत."

मी परत आले. आणखी एक डझन केळी. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "सरळ रेघ मलाही यायची. ती फुकटच आली होती, गेली. ही मी कमावली आहे. कळलं ना?"

कळलं होतं.

दोन सकाळी लागल्या. काकी बरोबर आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मशीनचा आवाज थांबला की विचारायच्या, "झालं?" काका हाताकडे अजिबात डोळे न हलवता बघत होते, एखादा नवा कामगार कसा काम करतो ते बघावं तसे. मनगटाशी, जिथे जुन्या जखमेची कड सुरू होते, तिथे मी थांबले. "काका, इथे शाई पसरेल. देठ थोडा वर घेऊ?"

"नको. तिथूनच निघू दे. पसरली तर पसरली."

थोडी पसरलीच. देठाचं टोक त्या चकाकत्या कातडीत जरा निळसर मिसळून गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेवटी ती वळलेली पाकळी करत होते तेव्हा काकींनी खुर्ची वळवली. पुढे वाकून बघायला लागल्या. पाकळी बघितली, समाधान झालं असावं. मग बोटाने हवेत मोजलं.

"हे काय, चारच? फणीला कधी चार केळी असतात का?"

"माझ्या फणीला आहेत," काका म्हणाले.

काकींचं बोट तसंच राहिलं. मग त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि मला म्हणाल्या, "कर गं पुरं. थांबलीस कशाला?"

नंतर काही महिन्यांनी काकांचं दिव्यांगाचं प्रमाणपत्र नवीन करायचं होतं. मी त्यांना स्कूटरवरून वसईतल्या कार्यालयात घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या बाई चांगल्या होत्या, पण रांग मोठी होती आणि त्या भराभर जुन्या कागदावरून नव्या कागदावर उतरवत होत्या. नाव, पत्ता, वय. मग मोठ्याने वाचत त्यांनी लिहायला घेतलं, "ओळखीची खूण... उजव्या हाताची चार बोटे नाहीत."

"ते खोडा," काका म्हणाले.

"अहो काका, जुन्यावर तेच आहे."

"जुन्यावर असू दे. बोटं नाहीत ते तुम्ही वरच्या रकान्यात लिहिलंय ना? मग दोनदा कशाला? आणि जे नाही ती खूण कशी होईल, बाई? जे आहे ते लिहा."

त्यांनी डाव्या हाताने उजवी बाही वर सारली आणि हात खिडकीतून आत घातला. मागची माणसं कुरकुरायला लागली होती. बाईंनी चष्मा वर करून बघितलं. मग त्या उठून आतल्या साहेबांना विचारायला गेल्या, परत आल्या, ‘चार बोटे नाहीत’ वर आडवी रेघ मारली.

"काय लिहू? फूल?"

"केळफूल."

बाईंनी लिहिलं. काकांनी कागद मागून घेतला, एकेक अक्षर बघितलं आणि डाव्या हाताने खाली सही केली. सुलटी.